पट्ट्यावरची पेटी

विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यावर पेटी तिसऱ्यांदा फिरून आली तेव्हा लोकांनी उघडउघड नाकं धरली. पुठ्ठ्याचा एक कोपरा फाटला होता आणि त्यातून लालसर खारं पाणी पट्ट्यावर गळत होतं. चारी बाजूंना ठळक काळ्या अक्षरांत नाव होतं : तेरेसिता पालमारेस, विनिपेग. आम्ही फिलिपिनो माणसं पेटीवर नाव असंच घालतो, आंधळ्यालाही दिसावं असं. आणि तेरेसिताताई तिच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

विमानात मोडलेल्या सामानाची तक्रार घेणाऱ्या खिडकीवर मी बसतो. ताई माझ्याच चर्चमधल्या. इस्पितळाच्या धुलाईघरात परक्यांच्या चादरी धुण्यात त्यांचा उभा जन्म गेला. आई गेली म्हणून त्या मायदेशी, इलोइलोला गेल्या होत्या. आज त्यांना न्यायला लेकीची होणारी सासू आली होती, मिसेस कोवालचुक.

“काय बाई हा वास!” विहीणबाई रुमालाआडून म्हणाल्या. “कुणाची म्हणायची ही पेटी?”

“असेल कुणाची तरी,” ताई म्हणाल्या.

मला वासावरूनच कळलं होतं. बरणीत मुरवलेला जवळा. नखभर घेतला की ताटभर भात उठतो. पण लग्न तोंडावर आलेलं, आणि पहिल्याच भेटीत विहिणीच्या नाकाशी ही शोभा! लाजेपुढे आमच्या माणसाचं काही चालत नाही.

मी हळूच ताईंपाशी गेलो. “ताई, फुटलेलं सामान इथंच दाखवायचं असतं, बाहेर पडायच्या आधी. फोटो काढायचे, सामानाची चिठ्ठी जपायची. एकदा दाराबाहेर गेलात की कंपनी म्हणणार, घरी नेऊन तुम्हीच फोडलंत.”

“मला कशाला सांगतोस, नेस्तोर?” त्या पुटपुटल्या. “जा, तुझं काम कर.”

चारचौघांत कुणाला उघडं पाडणं आमच्यात थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट. पण गळणारी बेवारस पेटी कचऱ्यात टाकायची, असा इथला नियम. मी पट्टा थांबवला, हातमोजे चढवले, काळी पिशवी आणली आणि मोठ्यानं विचारलं, “कुणाची आहे का ही? नाहीतर टाकून देतोय.”

मी फाटक्या कोपऱ्यातून हात घातला. बरणीचा गळा तेवढा हाताला आला. त्याच्या तोंडावर निळ्या फुलांचं फडकं घट्ट बांधलेलं होतं, म्हाताऱ्या माणसाच्या हातची दुहेरी गाठ मारून. मी तो पिशवीत टाकणार, इतक्यात ताई ओरडल्या.

“टाकू नकोस! माझी आहे. माझ्या आईनं केलंय ते.”

मग त्या विहिणीकडे वळल्या. “मी खोटं बोलले. मला लाज वाटली.”

“नाव मी केव्हाच वाचलं,” मिसेस कोवालचुक म्हणाल्या. त्यांनी रुमाल पर्समध्ये ठेवला आणि पेटीची एक बाजू धरली. “उचला. पाठ धरली तर दोष तुमचा हं!”

ताई हसल्या नाहीत. आम्ही पेटी खिडकीशी नेली. आत सगळा चुरा झाला होता, जवळ्यात काचेचे कण. खाण्याजोगं बोटभरही उरलं नव्हतं. मी फोटो काढले आणि तक्रार लिहायला घेतली.

“व्हँकुव्हरला धडधाकट होती,” ताई सांगत होत्या. “पुढच्या विमानाला मीच हातानं दिली.”

“ताई, विचारावं लागतं म्हणून विचारतो. ही वस्तू पुन्हा मिळण्यासारखी आहे?”

“करणारी गेली, नेस्तोर.”

मी मान खाली घालून तेवढंच लिहिलं.

ताईंनी बरणीच्या गळ्यावरचं फडकं सोडवलं. ती गाठ नखांनी सुटेना, तेव्हा त्यांनी दातांनी सोडवली. फडकं खाऱ्यानं चिंब झालं होतं.

“मागे नळ आहे, द्या, धुऊन आणतो,” मी म्हणालो.

“नको,” ताई म्हणाल्या. “हे धुवायचं नाही.”

आणि तसंच ओलं फडकं घडी घालून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.