पिवळे ठिपके

मिस्त्रीच्या मेहुण्याने आपल्या जुन्या हॅचबॅकसाठी कुठूनसं नव्या गाडीचं इंजिन पैदा केलं होतं. मिस्त्री साखळीने ते खाली सोडत होता आणि मेहुणा खाली हात घालून जागेवर बसवत होता. तेवढ्यात मिस्त्रीला बोल्टांवर पिवळे ठिपके दिसले. आवळलेल्या बोल्टवर तो स्वतःच असे ठिपके द्यायचा, आणि असलं नवं इंजिन त्याने आजवर एकदाच आवळलं होतं. हे तर बहिणीच्या गाडीचं इंजिन! ती गाडी ताईसकट दरीत जळून खाक झाली म्हणून याच नालायकाने गळा काढला होता. इथे ठिपक्यांचा रंगसुद्धा करपला नव्हता.

"दाजी, हात तिथेच ठेवा," म्हणत मिस्त्रीने साखळी सोडली. बोटं कडाकडा मोडली. किंकाळी ओसरेपर्यंत तो थांबला.

"आता सांग, ताईला कुठे पुरलंस?"