विसाव्याचे लाभार्थी

रुपचंद नानांचा एक पाय चपलेत होता आणि दुसरा अजून उंबऱ्याच्या आत. तो आत आहे तोवर आपल्याला कुणी बाहेर काढलं असं म्हणता येणार नाही, असं त्यांचं मत असावं.

"आधी मुगाचं पाणी, मग गोळी," ते सांगत होते. "उलट केलं की तिला मळमळतं. एका कुशीवर फार वेळ ठेवायचं नाही. आणि ती काही बोलायला लागली तर..."

"तर ऐकेन," लताबाई म्हणाल्या.

"ऐकत बसायची गरज नाही. तिला शब्द जुळवायला वेळ लागतो, उगाच दम लागतो. मी खुणा सांगतो ना. खिडकीकडे बघितलं तर पाणी. पंख्याकडे बघितलं तर पंखा कमी."

लताबाईंनी फिकट निळा कोट चढवला, बाह्या वर सारल्या आणि नानांच्या उंबऱ्याआतल्या पायाकडे बघितलं.

"मी मागच्या खोलीत बसतो," नाना म्हणाले. "आवाजसुद्धा करणार नाही."

"नाही चालत, साहेब. काळजी घेणारा माणूस घरातच थांबला तर त्याला विसावा धरत नाहीत."

"पण मी थकलेलोच नाही!"

"सगळे असंच म्हणतात."

"आणि आजारी ही आहे. लाभार्थी ही. मला कशाला घराबाहेर काढता?"

"आजारी त्या. लाभार्थी तुम्ही," लताबाई म्हणाल्या. "संध्याकाळी या." आणि दार लागलं.

नाना अंगणात उभे राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी सरकारकडून पेन्शनखेरीज काही घेतलं नव्हतं, आणि ती तर कमावलेली होती. दीपनगरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला त्यांची नोकरी झाली. निवृत्त होऊन पिंप्राळ्यात घर बांधलं, आणि वास्तुशांतीच्या मांडवाचे बांबू परत जातात न जातात तोच कमलबाईंना अर्धांगाचा झटका आला. नानांनी लगेच चार्ज घेतला. त्यांचा शब्दच तो. मुलगा स्वप्नील पुण्याहून आला, बाई ठेवू म्हणाला. नाना म्हणाले, "युनिट दुसऱ्याच्या भरवशावर सोडून मी कधी घरी गेलोय का?" तेव्हापासून कमलबाईंचं उठणं, बसणं, खाणं, व्यायाम, सगळं पाळीप्रमाणे चालत होतं. व्यायामात हसणंही होतं. गालाच्या स्नायूंसाठी डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून नाना रोज चहानंतर त्यांना हसायला लावत. आजवर एकदाही चुकलं नव्हतं.

मग प्रमिलाबाई आल्या. त्या वस्तीतल्या आशाताई. सरकार आता घरच्या घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांचाही विचार करतंय, असं त्यांनी सांगितलं. प्रयोग म्हणून काही वस्त्यांमध्ये 'विसावा' सुरू झाला होता. महिन्यातला एक दिवस शिकलेली मदतनीस घर सांभाळणार आणि घरचा माणूस मोकळा. नाना नाही म्हणणार होते, पण कमलबाईंनी डाव्या हातानं त्यांचा सदरा असा धरला, की बहुधा तिला पाणी हवंय असं वाटून ते उठले. परत येईपर्यंत प्रमिलाबाईंनी नाव लिहून घेतलेलं होतं.

आता ते खिडकीखाली जाऊन टाचा उंचावू लागले. आतून पडदा ओढला गेला.

रस्त्यावर आल्यावर पंचाईत झाली. इतक्या दिवसांत ते औषधाचं दुकान आणि दूध डेअरी सोडून कुठे गेले नव्हते, तेही जवळजवळ धावत. आज हळू चालताना बघून रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवली.

"नाना, वहिनी बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे."

"मग तुम्ही असे बाहेर?"

"मला विसावा दिलाय."

रिक्षावाल्याला ते नीट कळलं नाही. त्यानं गंभीर चेहरा करून मान हलवली आणि "देवाची मर्जी" म्हणून निघून गेला. किराणा दुकानातले सोहनलाल शेठ तर गल्ला सोडून बाहेर आले. घरात काही बोलाचाली झाली असेल तर सुनेला तुमच्याकडे पाठवतो, म्हणाले. नाना म्हणाले, तसं काही नाही, सरकारी नियम आहे. शेठ म्हणाले, "सरकार आता नवराबायकोच्या मध्येही आलं?"

नानांनी घरी फोन लावला. लताबाईंनी सांगितलं, सगळं व्यवस्थित आहे. थोड्या वेळानं पुन्हा लावला. "साहेब, आराम करा," असं म्हणून त्यांनी तो ठेवला. तिसऱ्यांदा कुणी उचललाच नाही.

आराम करा. कुठे करायचा असतो तो? मारुतीच्या देवळात बसले, तर तिथले म्हातारे सुनांबद्दल बोलत होते. बाकावर बसले, तर पाय हलत राहिले. शेवटी हाताला काम नाही तर निदान डोक्याला होईल म्हणून ते वनाच्या सलूनमध्ये शिरले. दोन वर्षं ते आरशासमोर उभे राहून स्वतःच कात्री चालवत होते.

वनानं केसांतून बोटं फिरवली.

"नाना, हे कोणी केलं?"

"मीच."

"पोलिसांत तक्रार होईल अशानं," वना म्हणाला आणि मानेभोवती फडकं बांधलं.

फडकं बांधेपर्यंतचं नानांना आठवत होतं. नंतर डोक्यावर थंड पाण्याचा फवारा, कात्रीचा बारीक आवाज, कुणाचा तरी हात आपलं डोकं हलकेच इकडून तिकडे वळवतोय. त्यांनी डोकं त्या हातावर सोडून दिलं.

जाग आली तेव्हा समोरच्या भिंतीवर उन्हाचा पट्टा भलतीकडे सरकला होता. केस कापलेले, दाढी केलेली, गळ्याखाली गुंडाळलेला टॉवेल. शेजारच्या खुर्चीवर गिऱ्हाईक होतं आणि बाकावरची माणसं कुजबुजत बोलत होती.

"वना! उठवलं का नाही मला?"

"दोनदा हाक मारली. तुम्ही म्हणाले, 'युनिट बंद आहे.' मग म्हटलं, राहू द्या बंद."

नाना पैसे देऊन धावतच निघाले. मुगाचं पाणी, गोळी, कूस. आणि आपण घोरत पडलो! कोपरा वळताना चप्पल निसटली, ती पायानंच ओढत ते फाटकापाशी पोचले आणि थबकले.

आतून हसण्याचा आवाज येत होता. व्यायामाचा नव्हे.

स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. नाना भिंतीला लागून तिच्यापर्यंत गेले. भाजलेल्या वांग्यांचा आणि हिरव्या मिरच्यांचा वास बाहेर लोटत होता. कमलबाई खुर्चीत बसल्या होत्या, ओट्याला लागून. मांडीवर टॉवेल, टॉवेलावर लाकडी बडगी, बडगीत भरताची वांगी. लताबाईंनी बडगी धरली होती आणि कमलबाई डाव्या हातानं वांगी ठेचत होत्या. केसांचा अंबाडा घातला होता. नाना रोज वेणी घालत, ती दुपारपर्यंत सुटे.

"मिरच्या... आखो टाक," कमलबाई म्हणाल्या.

"काकू, साहेब रागावतील."

"साहेबले... काय समजस. मुगनं पानी... दोन वरीस मुगनं पानी."

एकेका शब्दाला वेळ लागत होता. लताबाई नुसत्या बघत होत्या, मध्ये बोलत नव्हत्या. आणि शब्द येत होता. मागोमाग दुसरा येत होता. नानांना आठवेना, आपण हिचं पूर्ण वाक्य शेवटचं कधी ऐकलं.

मग कमलबाईंनी बडगीतला दांडा सोडला, मान ताठ केली, भुवया वर चढवल्या आणि नानांच्याच शहरी मराठीत सुरू झाल्या.

"हात वर. हात खाली. पाणी पी. आता... हास." त्या थांबल्या. "हासानी बी पाळी शे, लताबाई!"

लताबाई ओट्यावर डोकं टेकवून हसत सुटल्या. नक्कल हुबेहूब होती. भिंतीबाहेर नानांच्या भुवया वर चढलेल्या होत्या. ते लक्षात येताच त्यांनी त्या खाली घेतल्या.

आत जावं, असं एकदा वाटलं. मिरची तिला वर्ज्य होती. हात कढीलिंबाच्या झाडाच्या फांदीवर गेला, तिथेच काही वेळ राहिला. मग आले तसेच ते पाय न वाजवता परत फिरले आणि सोहनलाल शेठच्या पायरीवर जाऊन बसले. शेठनं विचारलं, आता काय झालं? नाना म्हणाले, "अजून दिवस संपलेला नाही."

दिवे लागायच्या सुमाराला ते निघाले. फाटक उघडताना त्यांनी कडी वाजवली. एकदा पुरेसं वाटलं नाही म्हणून पुन्हा वाजवली आणि खाकरले. आत भांड्यांचा आवाज झाला, खुर्ची सरकली. ते चपला काढण्यात जरा जास्तच रेंगाळले.

कमलबाई पलंगावर होत्या, चादर छातीपर्यंत. घरभर उदबत्तीचा धूर होता आणि त्याच्या वर, खाली, आजूबाजूला भरीत.

"वास कसला?" नाना म्हणाले.

"शेजारचा," लताबाई म्हणाल्या.

"असेल. थंडीत करतात लोक."

"साहेब, आराम झाला का?"

"कसला आराम? जीव इकडे," नानांनी छाटलेल्या केसांवरून हात फिरवला. "डोळ्याला डोळा लागला नाही."

"माले बी," कमलबाई म्हणाल्या, "करमनं नही." त्यांच्या हनुवटीवर वांग्याचं एक काळं साल चिकटलं होतं. नानांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला आणि रिकामाच बाहेर आला.

लताबाई निघायच्या बेतात असताना प्रमिलाबाई आल्या. पुढच्या महिन्याचं आत्ताच ठरवायचं होतं.

"तुम्हाला नको असेल तर सांगा, नाना. बळजबरी नाही. दुसरी घरं थांबलीत. मी तर काकूंमुळे तुमचं नाव घातलं. तुम्ही पाणी आणायला गेलात तेवढ्यात त्याच मागे लागल्या माझ्या, तुम्ही थकलात म्हणून."

नानांनी कमलबाईंकडे बघितलं. कमलबाईंनी पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

"मग काय कळवू?"

"माझं काही नाही," नाना म्हणाले. "तिला विचारा."

प्रमिलाबाई घोटाळल्या. या घरात कमलबाईंना काही विचारलं की उत्तर नानांकडून येतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या नानांकडेच बघत राहिल्या. नाना खुर्ची ओढून पलंगाजवळ बसले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली घातले, जणू ते मध्ये बोलतील.

कमलबाईंचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. दारातल्या लताबाई थांबल्या. नानांच्या जिभेवर एक शब्द आला. तो त्यांनी गिळला.

"हाई योजना..." कमलबाई म्हणाल्या. दम घेतला. "हाई योजना आठवडाले... येत नही का?"