कॉलरमावशींचा आवाज

कॉलर उलटी बसली, तेव्हा मावशींच्या लक्षात आलं की आपलं कामात चित्तच नाही. त्यांची कॉलर उलटी बसलेली आजवर कोणी पाहिली नव्हती. म्हणून तर अख्खा कारखाना त्यांना कॉलरमावशी म्हणायचा. त्यांनी टाके उसवायला घेतले आणि सकाळ पुन्हा एकदा आठवून पाहिली.

सकाळचा त्यांचा नेम ठरलेला होता. बसमधून उतरायचं आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत चालता चालता मोबाइल तोंडाशी धरून ‘बहिणी’ नावाच्या ग्रुपवर बोलायचं. ग्रुपमधल्या निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं आणि उरलेल्यांना वाचायला सवड नव्हती, पण भांडी घासता घासता ऐकायला काय जातं? बायबलमधलं एक वचन, त्याचा साधा अर्थ आणि शेवटी प्रार्थना. प्रार्थनेत मात्र मावशी पाल्हाळ लावायच्या. कोणाचे गुडघे, कोणाच्या पोराची परीक्षा, सगळं प्रभूच्या कानावर घालायच्या, जसं काही त्याला सांगितल्याशिवाय कळणारच नाही. आजही घातलं होतं. “आपली इस्त्रीवाली रविवारी बाप्तिस्मा घेतेय. तिच्या नवऱ्याला अजून ठाऊक नाही. प्रभू, त्याचं मन मऊ कर.” मग फोन फाटकावर वॉचमनच्या ताब्यात दिला, कारण कामगारांना तो आत न्यायची बंदी होती.

आणि आता कॉलर शिवताना एकदम डोळ्यांपुढे आला सुपरवायझरचा चेहरा. कारखान्याच्या ग्रुपला त्या महाशयांनी स्वतःचाच फोटो लावला होता. बोलताना पडद्यावर वरती तोच फोटो होता की काय? ओव्हरटाइमचा निरोप बघायला तो ग्रुप उघडला होता हे नक्की. बंद केला होता का? की आपण त्यातच बोललो?

त्या ग्रुपवर सगळा कारखाना होता. कामगारांना नेणाऱ्या व्हॅनचा ड्रायव्हरही होता, आणि तोच इस्त्रीवालीचा नवरा. फोनबंदी त्याला नव्हती.

गेल्या वर्षी बटणं लावणाऱ्या एका बाईला, जेवणाच्या सुट्टीत प्रार्थनेचं गाणं ऐकवलं एवढ्यावरून घरी बसवलं होतं. पण मावशींना नोकरीची भीती नव्हती. ड्रायव्हर तसा वाईट माणूस नव्हे. डोकं फिरलं की मात्र त्याला समोर कोण आहे ते दिसत नसे. इस्त्रीवाली म्हणाली होती, “मीच सांगेन त्यांना, वेळ बघून. माझ्या तोंडून कळलं तर ऐकून तरी घेतील. बाहेरून कळलं तर माझी खैर नाही.”

हॉलच्या टोकाला ती इस्त्रीच्या वाफेत उभी होती. काहीतरी गुणगुणत होती, वेडी.

इतक्यात सुपरवायझरने खिशातून फोन काढला, कानाला लावला. त्याच्या कपाळाला आठी पडली. तो रांगेकडे बघू लागला आणि सरळ मावशींकडेच चालत आला.

“मावशी, हे काय पाठवलंय?”

“क... काय?”

“या मशीनच्या खडखडाटात एक अक्षर कळत नाही. एवढं लांबलचक! सुट्टी पाहिजे का?”

“हो,” मावशी म्हणाल्या. त्या खोटं बोलत नसत. पण आज जीभ आपणहून बोलली. “म्हणजे, घरी एक फोन करायचाय. तातडीचं आहे.”

“जा. लवकर या.”

फाटकापर्यंत त्या धावल्याच. वॉचमनने फोन दिला. घामेजलं बोट पडद्यावर नीट उमटेना, तेव्हा त्यांनी ते पदराला पुसलं. कोणी ऐकलंय ते आधी पाहिलं. दोनच नावं होती. एक सुपरवायझरचं. दुसरं ड्रायव्हरचं.

तरीही त्यांनी मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकला. फाटकाबाहेर व्हॅन उभी होती आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला होता. व्हॅन तर बंद होती.

इस्त्रीच्या टेबलापाशी जाऊन मावशींनी सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांना रडू कोसळलं.

“माझ्या हातून घात झाला गं. आज तू माझ्याकडे चल. त्या व्हॅनमध्ये बसू नकोस.”

इस्त्रीवालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने इस्त्री आधी उभी करून ठेवली, कापड जळू नये म्हणून.

“आज नाही गेले तर उद्या जावंच लागेल ना, मावशी?”

“मग मीही येते.”

“नको. तुम्ही बरोबर असलात तर त्यांना वाटेल, तुम्हीच मला बोलायला लावताय.”

संध्याकाळी ती रोजच्यासारखी पुढच्या सीटवर, नवऱ्याशेजारी बसली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. व्हॅन वळणावर दिसेनाशी झाली तरी मावशी तिथेच उभ्या होत्या. प्रार्थना करावी म्हटलं तर एक शब्द सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोनला हातच लावला नाही. व्हॅन आली. बायका उतरल्या, पण पुढची सीट रिकामी होती. मावशी कशाबशा आत जाऊन मशीनवर बसल्या. सुईत दोरा जाईना.

भोंगा वाजायच्या जरा आधी इस्त्रीवाली आली. चालत आली होती; चपला धुळीने माखल्या होत्या. गालावर खूण होती आणि ती तिने लपवली नव्हती.

“अगं...” मावशी उठून इस्त्रीच्या टेबलापाशी गेल्या.

“रात्री बहिणीकडे होते. माझा फोन त्यांनी आपटला, तुकडे झाले. म्हणाले, परत यायचं तर हे सगळं सोडून ये.” तिने इस्त्री चालू केली. “रविवारी मी येणार आहे.”

“मला माफ कर गं.”

“ते राहू द्या. आजचं वचन मला मिळालं नाही. तोंडीच सांगा.”

“इथे?”

“मग कुठे?”

मावशींनी मागे वळून पाहिलं. सुपरवायझर दारात उभा होता. शेजारच्या दोघीतिघींचे कान टवकारलेले होते. रोज रस्त्यावरून फोनशी घडाघडा बोलणाऱ्या मावशींनी आज पदर तोंडाशी धरला. इस्त्रीवालीने टेबलावर पहिला शर्ट पसरला, त्यावर पाणी शिंपडलं आणि हात पुसून ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली.