वरातीच्या चालीची गाडी

सावळीरामशेठची तांबडी विलायती गाडी म्हणजे बडा घर, पोकळ वासा. दोनच माणसं बसतील अशी, वर टप नाही, उंचीला इतकी बुटकी की आत शिरताना शेठच्या गुडघ्यांची कुरकुर शेजाऱ्यांना ऐकू जाई. मुंबईच्या कुणा हौशी माणसाकडून ती घेतली, तेव्हा इंदिरानगरातल्या बंगल्यासमोर बघ्यांची रीघ लागली होती. नव्याचे नऊ दिवस सरले आणि त्याच बघ्यांना ती ढकलायला बोलवायची पाळी आली.

ती दुरुस्त करायला रविवारी सहादू यायचा. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तो फिटर होता, आणि शेठचं नि त्याचं गाव एकच, सिन्नरजवळचं. शेठचं मत असं, की चालतंय तोवर हात लावू नये. सहादूचं नेमकं उलट. विमान आभाळात असताना कडेला घेऊन बॉनेट उघडता येत नाही, म्हणून तिथे भाग मोडायच्या आधीच बदलतात, हे तो शेठना वर्षभर सांगत होता. आणि शेठ वर्षभर मान डोलवून चहा मागवत होते.

ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात सहादूच्या धाकट्या भावाचं, कोंडाजीमास्तरचं लग्न ठरलं. वरातीला गाडी घेऊन जा, असं शेठ आपणहून म्हणाले. सहादूला आनंद झाला, पण घरी पोचेपर्यंत त्या आनंदाची काळजी झाली होती.

मांडव गावातल्या शाळेच्या पटांगणात होता. सहादूच्या बौद्ध वस्तीतून तिकडे जायच्या वाटा दोन, एक ओढ्याकाठची आणि एक भर गल्लीतून, चावडीवरून. वस्तीतला एकही नवरदेव आजवर गल्लीतून गेला नव्हता. तशी बंदी कुणी लिहून ठेवली नव्हती. लिहायची कधी गरजच पडली नव्हती. यंदा वस्तीने ठरवलं होतं, गल्लीतूनच जायचं. आणि शेठच्या भावकीतल्या दर वरातीत ही तांबडी बया चावडीपुढच्या चढावर उकळून बंद पडलेली. त्यांची बंद पडली की गाव हसून सोडून द्यायचं. कोंडाजीची बंद पडली असती, तर यांना गल्ली पचली नाही असं गाव नातवंडांना सांगत बसलं असतं. सहादूला अन्न गोड लागेना.

लग्नाआधी काही आठवडे त्याने गाडी ताब्यात मागितली. शेठनी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता किल्ली दिली. सहादूच्या मते गाडीत खोट नव्हती, ती भलत्या कामाला लावली होती. वाऱ्यासारखं पळायला बांधलेली गाडी वऱ्हाडाच्या चालीने नेली की तिला वाराच लागत नाही. पाणी उकळतं, नळीतलं पेट्रोलसुद्धा उकळतं. त्याने रेडिएटरमधला क्षार धुऊन काढला, मोठा पंखा बसवला, पेट्रोलची नळी तापणाऱ्या भागापासून दूर नेली. चिरा पडायच्या आधीच सगळे रबरी पाइप बदलले. मग शेठ स्वतः तिला त्र्यंबकपर्यंत नेऊन आले आणि पहिल्यांदाच कपाळावर घाम नसलेले परतले.

लग्नाच्या दिवशी चार वाजताचं ऊन अंगावर घेत वरात निघाली. सहादू गाडी चालवत होता, शेजारी निळा फेटा बांधलेला कोंडाजी. पुढे बँड, मागे सगळी वस्ती. गल्लीतली माणसं दारादारांत उभी होती. चावडीचा चढ लागला. गाडी संथ चढत होती, तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता.

तेवढ्यात चावडीसमोरच्या घरातली म्हातारी चंद्रभागा पाण्याची कळशी घेऊन थेट गाडीपुढे आली.

"ठेवलीय भरून," ती म्हणाली. "हिला दर खेपेला हितंच तहान लागती."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. दर वरातीत ती पाणी देत आलेली, आजही घेऊन आली. गरज नाही म्हणून पुढे जाता आलं असतं; त्याचसाठी तर सहादू राबला होता. पण त्याची नजर कोंडाजीच्या सुकलेल्या ओठांवर गेली. याच दारात त्यांची आई ओंजळ धरून वाकायची आणि वरून पाणी पडायचं. तापलेलं इंजिन एकदा बंद केलं, की पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी त्याने किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"आजी, गाडीला आता पाणी लागत नाय. माझ्या भावाला द्या. पण भांड्यात द्या, वरून नको."

बँड थांबला. चावडीवर कुणीतरी खाकरलं. म्हातारी त्या आवाजाकडे बघत राहिली, मग कळशी तिथेच ठेवून आत निघून गेली. आता ती येत नाही, आपण आपल्याच हाताने घात करून घेतला, असं सहादूला वाटलं.

ती आली ती पितळी फुलपात्र पदराने पुसत. ते भरून तिने कोंडाजीच्या हातात दिलं. तो तोंड लावून प्यायला. तिने ते परत घेतलं, न विसळता पुन्हा भरलं आणि सहादूपुढे धरलं.

"तू बी पी. लय उन्हाचं आलात."

सहादूने फुलपात्र तोंडाला लावून रिकामं केलं. मग त्याने किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली, पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.