मी लगद्याची किडनी

मित्रांनो, मी एक जुनी किडनी आहे. दचकू नका, मी कुणाच्या पोटातली नाही. मी कागदाच्या लगद्याची आहे. माझा जन्म बेळगावात, गणपती घडवणाऱ्या ज्योतिबांच्या कारखान्यात झाला. डॉक्टर पारमिता त्यांच्याकडे पुस्तकातलं चित्र घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, एवढी मोठी करा, की मागच्या बाकावरच्या आजीलाही दिसावी."

ज्योतिबांनी मला पपईएवढी घडवली आणि बिजागरी लावून दोन भागांत उघडणारी केली. आतल्या नळ्या तांबड्या-निळ्या रंगवताना ते गणपतीचे डोळे रेखताना धरतात तसा श्वास धरत होते.

मग मी दवाखान्यात आले. डॉक्टरबाई मूळच्या निपाणीच्या. पेशंट मराठी असो वा कन्नड, त्या मला उघडून समोर ठेवत आणि त्याच्याच भाषेत समजावत. "रक्त इथून येतं, इथं गाळलं जातं, घाण पाणी इथून जातं." माणसं माझ्यावरून बोट फिरवत आणि म्हणत, "असं व्हय!" त्या दोन शब्दांनी मला फार बरं वाटे.

पुढे भिंतीवर मोठा पडदा आला. त्यावर हलती, बोलती किडनी दिसू लागली आणि मी कपाटावर गेले. धूळ बसली, एक कोपरा उडाला. मला वाटलं, आपलं काम संपलं.

एके दिवशी खानापूरकडच्या एका गावातून साईराज आला. तो बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात कामाला होता. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि मशीनवर रक्त धुऊन घेऊन तो दिवस काढत होता. सोबत आई मालुबाई आणि बायको पूर्णिमा होत्या. कुणीतरी आपली एक किडनी दिली तर तो मशीनमधून सुटणार होता. घरात सगळे धरून चालले होते की ती पूर्णिमाच देणार. रक्तगट जुळत होता, वय तरुण होतं. मालुबाईंचं वय झालेलं, म्हणून त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"मी तयार हाय," पूर्णिमा म्हणाली. पण म्हणताना तिनं खुर्ची मागे सरकवली.

डॉक्टरबाईंनी ते पाहिलं. साईराज आणि मालुबाईंना त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. पडदा सुरू केला, पण पूर्णिमाची नजर जमिनीवरून उठेना. तेव्हा डॉक्टरबाईंनी स्टूल घेतलं, मला खाली काढलं, पदरानं पुसलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

मित्रांनो, किती दिवसांनी मला माणसाच्या हाताची ऊब लागली!

डॉक्टरबाईंनी काहीच लपवलं नाही. एका किडनीवर माणूस चांगलं जगू शकतो, पण ऑपरेशन मोठं असतं आणि त्यात धोका असतोच, थोडा का असेना. दिलेली किडनी बरीच वर्षं चालते, कधी लवकर बंदही पडते. देणाऱ्यानं जन्मभर तपासणी करत राहायचं.

पूर्णिमानं मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग हळूच विचारलं, "बाई, न्हाय म्हटलं तर?"

"तर नाही. तुझं शरीर आहे. साईराजवरचे उपचार त्यामुळे थांबणार नाहीत."

तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर टपकलं. "आमची सौम्या अजून अंगावर पिते. आम्ही दोघंबी एकदम आडवं झालो तर त्या लेकराचं काय? मला लई भ्या वाटतंय. पण न्हाय म्हटलं तर लोक म्हणतील, नवऱ्यावर मायाच न्हाय."

"बाहेर मी सांगू का?"

पूर्णिमानं डोळे पुसले. "नको. मीच सांगतो."

तिनं दोघांना आत बोलावलं आणि उभ्यानंच आपला नकार आणि त्याचं कारण सांगितलं. साईराजनं मान खाली घातली. मग तो म्हणाला, "मला बोलायला जमत नव्हतं बघ. सौम्याची काळजी मलाबी हुती."

मालुबाई उठल्या. मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्या हातातून मला घेतलं आणि डॉक्टरबाईंना विचारलं, "माझी चालंल का?"

"आई, तुझं वय बघ की गं!" साईराज म्हणाला.

"नुसत्या वयावर ठरत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तपासण्या करू. पण मालुआक्का, आधी सगळं ऐकून घ्या."

"आईला काय ऐकायचं? काढून घ्या."

"असा होकार मला नको."

तेव्हा मालुबाई बसल्या आणि ऐकू लागल्या. त्यांनी विचारलं, "एका किडनीवर चिखलात उभं राहून भात लावता येईल?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "जखम भरेपर्यंत नाही. नंतर बहुतेक येईल, पण खात्री देऊन मी फसवणार नाही." मालुबाई घरी गेल्या आणि विचार करून परत आल्या. म्हणाल्या, "सून न्हाय म्हटली म्हणून देत न्हाई. मला समजलंय, मला द्यायची हाय, म्हणून देतो."

तपासण्या जुळल्या. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. साईराजची मशीन सुटली. मालुबाईंना मात्र वाटलं होतं त्याहून जास्त दिवस अशक्तपणा राहिला. त्या वर्षी त्यांनी बांधावर बसूनच लावणी पाहिली.

पुढे तिघं तपासणीला आली तेव्हा बाकावरच्या एका बाईनं पूर्णिमाला टोमणा मारला, "नवऱ्याला तू न्हाई दिलीस?"

पूर्णिमाच्या आधी मालुबाई बोलल्या. "तिला इचारलं, तिनं खरं सांगितलं. मला इचारलं, मी खरं सांगितलं. आमच्या घरात कुणी कुणावर रुसलेलं न्हाय." आणि सौम्याला त्यांनी सुनेच्या कडेवरून आपल्या मांडीवर घेतलं.

मित्रांनो, आता मी कपाटावर नसते, टेबलावर असते. तुमच्या घरातलं कुणी आजारी पडलं, तर त्याला विचारा, त्याला समजलं का? त्याला काय हवं? न समजता हो म्हणू नका, आणि घाबरून गप्पही बसू नका. डॉक्टरांना पुन्हा विचारा, पुन्हा विचारा. आणि कुणी डोळे पुसत 'नाही' म्हटलं, तर त्याच्याही डोक्यावर हात ठेवा.