गिरड : निरंक

प्रभाकररावांनी लाकडी फूटपट्टी कॉम्प्युटरच्या पडद्यावर आडवी धरली, डोळे बारीक केले आणि पट्टीच्या वरची ओळ मोठ्याने वाचली.

"मांडगाव, बेचाळीस."

उजव्या हाताने त्यांनी कॅल्क्युलेटरवर बेचाळीस दाबले आणि पट्टी एक ओळ खाली सरकवली. अशी चौसष्ट गावं होती.

ज्योत्स्ना आठ महिने हे बघत होती. आज तिला राहवलं नाही.

"काका, जरा उठता का?"

"काऊन? चुकलं काय?"

"नाही. एक दाखवायचं होतं."

ती त्यांच्या खुर्चीवर बसली. रकान्याच्या तळाशी तिने एक सूत्र लिहिलं आणि एंटर दाबलं. बेरीज आली. शेजारच्या रकान्यात प्रत्येक गावाच्या उद्दिष्टातून झालेलं काम वजा होऊन शिल्लक आली, त्यापुढे टक्केवारी.  पट्टी आणि कॅल्क्युलेटर घेऊन प्रभाकरराव दुसऱ्या टेबलावर गेले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कागदावरून सगळी बेरीज पुन्हा केली.

"जुळलं," शेवटी ते म्हणाले. कॉम्प्युटर काठावर पास झाला होता.

गावोगावच्या शेळ्या-गुरांना लस टोचणाऱ्या एका संस्थेचं हे वर्ध्यातलं कार्यालय. लस किती जनावरांना दिली, याचा अहवाल दर महिन्याला नागपूरला जाई, आणि तो करायला प्रभाकररावांना सत्तावीस वर्षं दर महिन्याचे तीन दिवस लागत आले होते. बी.एस्सी. झालेली ज्योत्स्ना अकरा महिन्यांच्या करारावर त्यांच्या मदतीला आली होती. करार एकतीस मार्चला संपायचा होता.

कार्यालयाचे प्रमुख काळबांडे सरांनी शीट पाहिली. आकडा बदलून पाहिला, बेरीज बदलली. पुन्हा बदलून पाहिला. लहान मुलाला दाराची बेल सापडावी तसे ते दहा मिनिटं तेच करत बसले.

"कमाल आहे! म्हणजे आता हे दर महिन्याला आपोआप होणार?"

"हो सर. फक्त गावांचे आकडे भरायचे."

"ते तर प्रभाकरराव भरतीलच." सर खुश होऊन खुर्चीत मागे रेलले. "छान. मार्चपर्यंत बघू. तीन महिने शीट न अडता चालली, तर नागपूरला कळवून टाकतो, मदतनीसाच्या जागेवर आता माणूस नको. फार मोठं काम केलंस तू."

ज्योत्स्ना "थँक्यू सर" म्हणून बाहेर आली आणि पाण्याच्या माठापाशी बराच वेळ रिकामा पेला धरून उभी राहिली.

"काय झालं व माय?" झाडू घेऊन जाणाऱ्या मंदाबाईंनी विचारलं. "सायेब बोलले काय?"

"नाही. कौतुक केलं."

"मंग तोंड काऊन असं?"

नोकरी गेली तर पुण्याला जायचं, हे घरी आधीच ठरलं होतं. मामेबहिणीने तिथल्या एका पॅकिंग कंपनीत शब्द टाकून ठेवला होता. एका खोलीत सहा मुली. बोरगाव मेघेच्या घरून सायकलीने कार्यालयात यायचं, संध्याकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करायचा, हे सगळं एकतीस मार्चला बंद होणार होतं. त्या संध्याकाळी तिने शीट उघडली. एखाद्या सूत्रातला एक कंस काढला असता तर पुरे होतं. तिने बोट कळीवर ठेवलं, उचललं, आणि फाइल जशीच्या तशी बंद केली. चुकीचं उत्तर मुद्दाम लिहायला तिचा हातच वळेना.

जानेवारीअखेर सरांचा आवाज भिंत ओलांडून आला.

"ज्योत्स्ना! हे काय ओरडतंय?"

शिल्लकीच्या रकान्यात एका गावापुढे आकड्याऐवजी चूक दाखवणारं 'व्हॅल्यू' आणि उद्गारचिन्ह उमटलं होतं. ती एकच खोट तळच्या बेरजेतही उतरली होती. सगळ्या जिल्ह्याच्या जागी उद्गारचिन्ह. ज्योत्स्नाने वर जाऊन पाहिलं. गिरडसमोर आकड्याच्या जागी लिहिलं होतं, 'निरंक'.

"काका, इथे शून्य लिहायचं. शब्दातून वजाबाकी होत नाही."

"शून्य कसं लिहू?" प्रभाकररावांनी चष्मा काढला. "जीप रस्त्यात पंक्चर झालती. गिरडले आपण पोहोचलोच नाई. शून्य म्हणजे गेलतो, अन् एकही शेळी सापडली नाई. निरंक म्हणजे गेलोच नाई. दोन्हीत फरक आहे का नाई, बेटा? तू तं सायन्सवाली."

फरक होता. ज्योत्स्नाला तो मान्यही करावा लागला. तरी तिने त्यांच्या वहीत लिहून दिलं : फक्त आकडे. प्रभाकररावांनी ते दोनदा वाचलं, खाली लाल रेघ मारली.

फेब्रुवारीत शीट पुन्हा ओरडली. या वेळी मांडगाव. तिथे लिहिलं होतं, 'एकेचाळीस शेळ्या, एक बोकड'.

"काका!"

"बोकडाले शेळी म्हणू काय?"

सर कपाळाला हात लावून बसले. मंदाबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. आणि ज्योत्स्नाने, जे तिच्या मते करायलाच हवं होतं, ते केलं. आकडे भरायच्या प्रत्येक चौकोनाला तिने अट घातली : संख्या असेल तरच आत घ्यायचं. मग प्रभाकररावांना समोर बसवून 'निरंक' लिहायला लावलं. कॉम्प्युटर खणकन वाजला आणि त्याने शब्द परत केला.

"लय कडक आहे हा," प्रभाकरराव म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हे कुठून करतेस तू? वर त्या 'डेटा' बटनात जाऊन काय?"

"हो. पण तुम्हाला लागणार नाही ते."

"नाई नाई. सहज विचारून राह्यलो."

अठ्ठावीस मार्चला सरांनी नागपूरचं पत्र तयारच ठेवलं होतं. 'सदर पदाची आवश्यकता उरलेली नाही' इथपर्यंत टाइप झालं होतं. फक्त या महिन्याचा टक्का घालायचा बाकी होता. त्यांनी ज्योत्स्नाला आणि प्रभाकररावांना केबिनमध्ये बोलावलं, शीट उघडली, तळाशी गेले.

उद्गारचिन्ह.

"अरे!" सरांनी टेबलावर हात आपटला. "अट घातली होती ना? शब्द आत जातोच कसा?"

ज्योत्स्नाने माऊस घेतला. गिरड. निरंक.  अट चुकली असेल, तर ती आपलीच चूक. इतर त्रेसष्ट गावांच्या अटी तिने भराभर पाहिल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या. मग तिने गिरडची अट उघडली.

तिथे तिची अट नव्हती. तिथे दुसरी होती : संख्या असेल, किंवा निरंक असेल, तर आत घ्यावं. 'किंवा'साठीचं सूत्र, त्याच्या आत दुसरं सूत्र, अवतरणचिन्हं, सगळे कंस जिथल्या तिथे मिटलेले. हे चुकून होत नाही. इतकं नेटकं तिला पहिल्या प्रयत्नात जमलं नसतं.

तिने मान वळवली. प्रभाकरराव खिडकीबाहेर उभ्या जीपकडे अतिशय काळजीने बघत होते.

"सापडलं का काही?" सरांनी विचारलं.

"निरंक लिहिलंय, सर," ती म्हणाली. तेवढं खरं होतं.

"प्रभाकरराव! तिसऱ्यांदा?"

"सवय, सर. सत्तावीस वर्षाचा हात आहे. मेंदू सांगते आकडा, हात लिवते निरंक."

"आणि ही नसती तर? आज नागपूरला काय पाठवलं असतं आपण? उद्गारचिन्ह?"

"तेच म्हणतो मी," प्रभाकरराव खाली बघत म्हणाले.

सरांनी पत्र समोर ओढलं. शेवटच्या ओळीवर रेघ मारली, थोडा विचार केला आणि पेनाचं टोक तिच्याकडे रोखलं.

"मला पत्रात मुदत लिहावी लागेल. यांना हे नीट शिकवायला तुला किती दिवस लागतील? खरं सांग."

 पडद्यावर गिरडची अट अजून उघडी होती. ज्योत्स्नाने ती मिटली.

"वर्षभर तरी धरा, सर."

सर लिहू लागले. प्रभाकररावांनी खाकरून गळा साफ केला.

"एका वर्षात?" ते म्हणाले. "मले नाई वाटत."