मास्तरांचा राग

“पोटात कळ येते म्हणून आलोय मी. तुम्ही रागाचं काय लावलंय सारखं?” मास्तर हसत म्हणाले.

“मी टोचून बोलतेय आणि तुम्ही हसताय,” मॅडम म्हणाल्या.

“मग काय रडू? शिकलेली माणसं कधीकधी फार मूर्ख असतात बघा.”

मॅडमनी मान डोलावली.

मास्तर मोटार चालवायला शिकवत. सारं आयुष्य शिकाऊंच्या शेजारी जीव मुठीत धरून गेलं, पण त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नव्हता. सगळ्या तपासण्या झाल्या, पोट निर्दोष सुटलं आणि डॉक्टरांनी त्यांना मनाच्या दवाखान्यात धाडलं. तो अपमान ते अजून गिळत होते.

मॅडम शाळेतली नोकरी सोडून, चाळिशी उलटल्यावर या कामात पडलेल्या. सध्या त्या उपचाराची एक नवी पद्धत शिकत होत्या. भेटी मोजक्याच. माणूस जे लपवतो तिथेच बोट ठेवायचं आणि तो निसटू लागला की तेही त्याला तोंडावर सांगायचं. भेटींचं चित्रीकरण होई, रुग्णाच्या परवानगीनं. मग ही पद्धत शिकवणारे सर ते बघत. सर म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस.

“थांबव तिथे,” सर म्हणाले. “त्यानं तुला मूर्ख म्हटलं आणि तू मान डोलावलीस. का?”

“तो बिथरेल म्हणून.”

“तो नाही, तू बिथरलीस. त्याचं हसू आणि तुझा गोडवा, एकाच माळेचे मणी. दोघं मजेत गप्पा मारताय आणि तो बिचारा घरी जाऊन पोट धरून लोळतोय.”

“मग काय भांडू त्याच्याशी?” मॅडम उसळल्या.

“त्याच्याशी नाही, त्याच्या भिंतीशी. आणि भिंतीमागे तो एकटा आहे हे ध्यानात ठेव. ते विसरलीस की नुसती भांडकुदळ बाई उरशील.”

जिना उतरताना मॅडमनी सरांना मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या, की आपल्याला इतक्या येतात याचंच त्यांना नवल वाटलं.

पुढच्या भेटीला मास्तर हाताची घडी घालून बसले. “बोला, आज काय उकरायचंय?”

“तुम्ही मला जवळ फिरकू देत नाही. हसता, टोमणे मारता, छताकडे बघता. असंच चाललं तर माझा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. कळ तशीच राहील. तेच हवंय का?”

“धमकी देताय?”

“नाही. आहे ते सांगतेय. आत्ता, या घटकेला, माझ्याबद्दल काय वाटतंय?”

“काही नाही.”

“मुठी आवळल्यात तुमच्या.”

मास्तरांनी खाली पाहिलं. हसू आलं नाही. मान लालबुंद झाली. “तुमचं थोबाड फोडावंसं वाटतंय!”

दार आपल्यापासून किती लांब आहे, हे मॅडमनी नकळत पाहून घेतलं. पण या वेळी मान डोलावली नाही. “हात उचलायचा नाही. नुसतं सांगा. मनात काय करताय?”

“केस धरलेत. डोकं आपटतोय भिंतीवर. परत. परत.” त्यांना धाप लागली.

“आता खाली कोण पडलंय? चेहरा बघा.”

बाप म्हणतील, असं मॅडमना वाटलं. बापाच्या पट्ट्याचं मास्तरांनी पहिल्याच भेटीत हसत हसत सांगितलं होतं.

“आई,” मास्तर म्हणाले. “तो मारायचा तेव्हा दारात उभी राहायची. बघत. हूं नाही की चूं नाही.”

आणि ते रडले. ओकारी यावी तसे, अंगातून पिळून.

तोंड पुसल्यावर त्यांचा आवाज पुन्हा कडवट झाला. “झालं समाधान? सकाळी तिला न्हाऊ घालून, भरवून आलोय मी. आता घरी जाऊन तिच्या तोंडात घास कसा घालू? सांगा ना!”

मास्तर दार आपटून गेले.

“छान काम झालं,” सर म्हणाले. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच. मॅडमना ते ऐकवेना. पुढच्या भेटीला खुर्ची रिकामीच राहिली. फोन केला, तर मास्तरांनी तो कापला.

त्याच्या पुढच्या भेटीला ते आले. बसले नाहीत.

“विचारलं तिला,” ते उभ्यानंच म्हणाले. “नुसती बघत का राहायचीस म्हणून. म्हणाली, मध्ये पडले की तो तुला जास्त मारायचा. आणि नजर काढली तर जीवच घेईल, असं वाटायचं. म्हणून बघत राहायचे.”

मॅडमनी खुर्चीकडे हात केला.

“आता काढा तुमचं पुस्तक,” मास्तर कडाडले. “आता राग कुणावर काढू?”

सरांनी घोटून घेतलेले प्रश्न मॅडमच्या जिभेवर होते. एकही बाहेर पडेना. त्यांचे डोळे भरून आले. कॅमेरा चालू होता, तरी त्यांनी ते पुसले नाहीत.

“तुम्ही कशाला रडताय?” मास्तर खेकसले. थोडा वेळ त्यांच्याकडे रागानं पाहत राहिले. मग खुर्ची ओढली आणि बसले.